कोपराआडची जागा: वारंवार फुगणाऱ्या एका म्हशीचं प्रकरण

करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यातली ही मुऱ्हा म्हैस. तिसरं वेत, वय अंदाजे साडेसात वर्षं. व्याल्यावर महिनाभर सकाळ-संध्याकाळ मिळून अकरा लिटर दूध द्यायची. वसुबारसेच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती व्याऊन अडतीस दिवस झाले होते आणि दूध चार लिटरवर आलं होतं. त्या दिवशी तिचं निदान माझ्या हातून निसटलं. नऊ दिवसांनी ते सापडलं, त्याच सोनोग्राफी यंत्रानं आणि अंगाला टेकवायच्या त्याच प्रोबनं. फरक फक्त प्रोब कुठे ठेवला याचा होता. मोठ्या जनावराच्या पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या माझ्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींना हे नऊ दिवस उपयोगी पडतील, म्हणून सगळं क्रमानं मांडते आहे. पशुपालकांनाही वाचता यावं अशा भाषेत लिहायचा प्रयत्न आहे.

पूर्ववृत्त

गोठ्याच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या, मी त्यांना काकी म्हणते. धार त्याच काढतात, वैरण त्याच टाकतात, त्यामुळे जनावराचं सगळं त्यांच्या तोंडावर. त्यांनी सांगितलेलं मी माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे: "सांजला ढोलागत फुगती, रात्रभर कण्हती, आन् सकाळी आपसूक बसती. वाढं टाकलं की चार घास खाती आन् तोंड फिरवती. पेंडंला तर हुंगत बी न्हाई. शेण टाकती, पर कसं, तर डांबरागत."

या चार वाक्यांत जवळजवळ सगळं होतं. पुन्हापुन्हा येणारी फुगी, खाण्यावरची वासना कमी, शेण थोडं, काळं आणि चिकट, आणि हे सगळं व्याल्यानंतर सुरू झालेलं. त्याआधी त्यांनी गावातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडून उपचार घेतले होते. फुगीवर तेल पाजलं होतं, कॅल्शियमची सलाईन झाली होती, तीन दिवस प्रतिजैविक झालं होतं आणि पोटात तार गेली असेल या संशयानं लोहचुंबक गिळवला होता. यातलं काहीही चूक नव्हतं. क्षेत्रातल्या दवाखान्यात हाताशी जे असतं त्यावर यापेक्षा वेगळं कुणी फारसं करत नाही.

पहिली भेट

अंगाचं तापमान १०१.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे नेहमीचंच. नाडी मिनिटाला ७२, म्हणजे म्हशीच्या मानानं चढी. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा पोटाचा खळगा, फुगलेली, टिचकी मारली की पोकळ आवाज. कोटीपोटाची, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, हालचाल होती, पण दुबळी. तोंडातून नळी घातली, तसा भसकन गॅस निघाला आणि भकाळी खाली बसली. फेस नव्हता, मोकळा गॅस होता. ही नोंद महत्त्वाची. फेसाळ फुगी साधारणपणे खाण्यातून येते. मोकळ्या गॅसची फुगी पुन्हापुन्हा येते, तेव्हा अडचण खाण्यात कमी आणि गॅस बाहेर टाकण्याच्या यंत्रणेत जास्त असते.

पाठीच्या खांद्यावर चिमटा घेतला, तर तिनं पाठ थोडी वाकवली, पूर्ण नाही. पोटात पुढे दुखत असेल तर जनावर पाठ वाकवायला कचरतं. मेटल डिटेक्टर छातीखाली धरला, तो वाजला. पण चुंबक आधीच पोटात असताना तो वाजणारच. चुंबक नसता तरी फार अर्थ नव्हता. आपल्याकडच्या कित्येक धडधाकट म्हशींच्या पोटात लोखंडाचे तुकडे पडून असतात आणि डिटेक्टर त्यांच्यावरही वाजतो. लोखंड आहे एवढंच तो सांगतो. ते टोचलंय का, कुठे टोचलंय, हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

मग मी सोनोग्राफीचं यंत्र काढलं. बॅटरीवरचं, सुटकेसएवढं, ३.५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स प्रोब. डाव्या भकाळीवर ठेवला, तर गॅसच्या आडव्या समांतर रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. ते अपेक्षितच. नंतर छातीच्या खालच्या अंगाला, डावीकडे सहाव्या-सातव्या बरगडीच्या फटीत ठेवला. जाळीपोट, म्हणजे कोटीपोटाच्या पुढचा कप्पा, तिथे दिसायला हवं. ते दिसलं नाही. कोटीपोटाची भिंत दिसली, थोडी हालचाल दिसली, बस. मी वहीत लिहिलं: "जाळीपोट नीट दिसत नाही, गॅसमुळे असावं."

हे वाक्य मी नंतर लाल शाईनं अधोरेखित करून ठेवलं आहे. जाळीपोट तिथे नाही, हीच त्या दिवसाची सर्वांत मोठी नोंद होती. मी ती यंत्राची मर्यादा समजून बाजूला सारली. पचन सुधारण्याची औषधं, फुगीवरचं औषध, चार दिवस पेंड बंद आणि "पाडव्यानंतर फोन करा" असं सांगून निघाले.

निरोगी म्हशीत काय दिसतं

दुसऱ्या भेटीकडे जाण्याआधी हे सांगणं भाग आहे, कारण आजारी जनावराचं चित्र कळायचं तर निरोगीचं पाठ असावं लागतं.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे. सर्वांत मोठं कोटीपोट, म्हणजे रुमेन. प्रौढ म्हशीत त्यात शंभर लिटरच्या वर ऐवज असतो आणि पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू ते व्यापतं. त्याच्या पुढे, छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टेकून बसलेलं जाळीपोट, म्हणजे रेटिक्युलम. आतून मधाच्या पोळ्यासारखं, म्हणून ते नाव. उजवीकडे पडदेपोट, म्हणजे ओमेसम. आणि उजवीकडेच तळाला खरं पोट, म्हणजे अबोमेसम, जिथे आपल्या जठरासारखं आम्ल सुटतं.

सोनोग्राफीत यांचं रूप वेगवेगळं असतं. कोटीपोटाची भिंत डाव्या बरगड्यांतून आणि भकाळीतून जाड पांढरट रेघेसारखी दिसते, आतलं फारसं काही दिसत नाही. पडदेपोट उजवीकडे साधारण आठव्या-नवव्या फटीत चंद्रकोरीच्या आकाराची ठळक रेघ म्हणून भेटतं. तिच्यामागे सगळा अंधार, आणि ते फारसं हलत नाही. खरं पोट तपासायला मला आवडतं, कारण तिथे आतलंही दिसतं. छातीचं हाड संपतं त्याच्या थोडं मागे, पोटाखाली प्रोब लावला की करड्या पाण्यात पांढरे ठिपके तरंगताना दिसतात आणि मधूनमधून आतल्या घड्यांच्या पांढऱ्या रेघा वाहत्या पाण्यातल्या शेवाळासारख्या डोलतात.

पण या सगळ्यांत बोलकं जाळीपोट. त्याची बाहेरची कड गुळगुळीत, अर्धचंद्रासारखी दिसते. आत वायू आणि चारा मिसळलेला असल्यानं आतलं दिसत नाही, आणि म्हणूनच तार, खिळा किंवा चुंबक सोनोग्राफीत भरवशानं दिसत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो, तोही मोठ्या क्षमतेच्या यंत्रावरचा. सोनोग्राफीत दिसते ती हालचाल. निरोगी जनावरात साधारण मिनिटाला एकदा जाळीपोट आकसतं, आणि तेही दोन टप्प्यांत. पहिल्यांदा अर्धवट आकसतं, किंचित सैल पडतं, आणि लगेच दुसऱ्यांदा इतकं जोरात आकसतं की क्षणभर यंत्राच्या पडद्यावरून नाहीसंच होतं. मग सावकाश परत येऊन जागेवर बसतं. झुरिक विद्यापीठातले उएली ब्राउन यांनी १९९४ साली गायींमधल्या या हालचालीचं पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हापासून तीन-चार मिनिटं प्रोब एका जागी धरून आकुंचनं मोजण्याची पद्धत रूढ झाली. म्हशींवर आपल्याकडे लुधियाना आणि हिसारच्या पशुवैद्यकीय विद्यापीठांत बरंच काम झालं आहे, कारण म्हशींचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तो काय, ते पुढे येईलच.

जाळीपोटाच्या या दोन ठोक्यांवर सगळ्या पचनाची लय अवलंबून असते. तिथून सुरू झालेली लाट कोटीपोटभर फिरते, चारा घुसळते. बारीक झालेला चारा जाळीपोटातूनच पडदेपोटाकडे सरकतो. ढेकर देऊन गॅस बाहेर पडायचा, तर अन्ननलिकेच्या तोंडाशी जागा मोकळी व्हावी लागते, आणि त्यातही जाळीपोटाचा वाटा असतो. जाळीपोट अडलं की तिन्ही गोष्टी अडतात. गॅस साचतो, शेण कमी होतं, भूक मरते. काकींनी सांगितलेलं सगळं यात बसतं.

दुसरी भेट

पाडव्याला कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत म्हशी सजवून पळवतात. अंगावरचे केस काढून, तेल लावून चकचकीत केलेल्या, शिंगं रंगवलेल्या म्हशी मालकाच्या गाडीमागे हाकेसरशी धावतात. काकींच्या घरच्या दोन म्हशी गेल्या. ही दावणीलाच राहिली. "हिचं नुसतं केस काढलं," काकी म्हणाल्या. "ज्या वर्षापास्नं आली त्या वर्षापास्नं पळती. ह्या खेपंला दावं सोडलं, तर दोन पावलं टाकून हुबीच." त्या हे सांगताना तिच्या मानेवरून हात फिरवत होत्या. नऊ दिवसांत म्हशीच्या फऱ्यावरचं मांस उतरलं होतं, बरगड्या मोजता येत होत्या. दूध दोन लिटर.

केस काढलेले असल्यानं माझं एक काम वाचलं. एरवी वस्तऱ्यानं जागा साफ करावी लागते. गोठ्यामागच्या झाडाखाली लाकडी खोड्यात तिला उभं केलं, कोमट पाण्यानं छातीचा चिखल धुतला, भरपूर जेल लावलं.

पण तिच्यावर प्रोब ठेवण्याआधी मी शेजारची म्हैस खोड्यात घेतली. पाडव्याला पळून आलेली, शिंगं अजून गुलाबी. हे मी आता प्रत्येक ठिकाणी करते: त्याच गोठ्यातलं, तीच वैरण खाणारं निरोगी जनावर आधी बघायचं. डावीकडे सहाव्या फटीत प्रोब धरला, मोबाइलवर घड्याळ लावलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर अर्धचंद्र आला. चाळीस सेकंद काही नाही. मग तो दचकल्यासारखा वर उचलला गेला, थबकला, आणि पुढच्या क्षणी पार गायब. सात-आठ सेकंदांनी हळूहळू परत आला. काकी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "हाललं की," म्हणाल्या. तीन मिनिटांत तसं तीनदा झालं, आणि तिसऱ्या वेळी ते होण्याआधीच त्या "आता" म्हणाल्या.

मग आजारी म्हैस. डावी सहावी फट, सातवी फट, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजू. जाळीपोट नाही. या वेळी मी गॅसला दोष दिला नाही. गॅस असता तर त्याच्या रेघा दिसल्या असत्या, त्या नव्हत्या. कोटीपोटाची पुढची भिंत स्पष्ट दिसत होती, फक्त तिच्या पुढे जे असायला हवं ते नव्हतं. पडदेपोट उजवीकडे आठव्या फटीत, आकारानं ठीक. खरं पोट मात्र नेहमीपेक्षा पुढे ओढल्यासारखं, छातीच्या हाडाच्या अगदी टोकाशी. आत ऐवज थोडा, घड्या डोलत होत्या. त्याला कुणीतरी पुढून ओढून धरलंय, असं मला त्याच क्षणी वाटलं.

काकींच्या मुलाला म्हशीचा उजवा पुढचा पाय दोरीनं पुढे ओढून धरायला सांगितला. कोपर पुढे गेलं, तशी त्याच्या आड झाकलेली चौथी-पाचवी फट मोकळी झाली. निरोगी जनावरात इथे दोनच गोष्टी दिसतात. फुप्फुसातल्या हवेच्या चकाकत्या रेघा आणि त्यांच्या कडेला धडधडणारं हृदय. प्रोब बरगडीला समांतर फिरवून पाचव्या फटीत टेकवला.

फुप्फुसाच्या रेघा नव्हत्या. हृदय होतं, त्याच्या झडपा उघडमिट करत होत्या. आणि हृदयाच्या शेजारी, जवळजवळ त्याला चिकटून, एक जाड भिंतीचा अर्धचंद्र होता.

इथे घाई करून चालत नाही. हृदयाशेजारी गोल कड दिसली तर ती गळवाची असू शकते. तार पडद्यातून आरपार गेली की तिथे पू साठून जाड कवचाचं गळू होतं, आणि त्याचं चित्र पहिल्या नजरेत असंच दिसतं. छातीत पाणी साठलं असेल, फुप्फुसाचा एखादा भाग घट्ट झाला असेल, याही शक्यता असतात. म्हणून मी प्रोब तसाच धरून उभी राहिले. मुलगा पाय धरून घामाघूम झाला होता. पन्नास सेकंद, साठ, सत्तर. हृदय आपल्या लयीत चाललेलं, शेजारची कड निश्चल. मग ती कड हलली. हृदयाच्या ठोक्याबरोबर नाही, श्वासाबरोबर नाही, स्वतःची स्वतः. थोडी आत ओढली गेली, थांबली, पुन्हा थोडी ओढली गेली. दोन टप्पे. नाहीशी झाली नाही, तेवढी ताकदच नव्हती. पण टप्पे दोनच होते.

गळू आकसत नाही. छातीत जाळीपोट होतं.

तीन मिनिटांत असं फक्त दोनदा झालं. डावीकडूनही पाचव्या फटीत कडेचा थोडा भाग दिसला. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी नव्हतं, पांढऱ्या धाग्यांचं जाळं नव्हतं, मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. हे मी दोनदा तपासलं, कारण पुढचा सगळा निर्णय यावर होता. रक्ताची ग्लुटरल्डिहाइड चाचणी गोठ्यातच केली. जुना, खोल संसर्ग असेल तर त्यात रक्त काही मिनिटांत घट्ट होतं. दहा मिनिटं उलटली तरी ते पातळच होतं. मग स्टेथोस्कोप लावला. उजवीकडे हृदयाचे ठोके दूरून आल्यासारखे दबके ऐकू येत होते. पहिल्या भेटीत मी हे ऐकलंच नव्हतं, कारण उजव्या बाजूला स्टेथोस्कोप नीट लावला नव्हता.

म्हशीतच का

छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला भोक पडून जाळीपोट छातीत सरकणं, म्हणजे डायफ्रामॅटिक हर्निया, हा गायीपेक्षा म्हशीत कितीतरी जास्त दिसणारा आजार आहे. गायीत तार टोचली की बहुधा तिथेच सूज येते, चिकटतं, पू होतो किंवा तार हृदयापर्यंत जाते. म्हशीत पडदाच फाटतो. म्हशीच्या पडद्यात स्नायूचा भाग पांढऱ्या दोरीसारख्या भागाला जिथे जोडला जातो, ती जागा कमजोर असते, आणि बहुतेक वेळा भोक तिथेच उजव्या अंगाला सापडतं. तार टोचून ती जागा आणखी कमजोर झालेली असेल, त्यात शेवटच्या महिन्यांतल्या रेडकाचं वजन, त्यात व्यायच्या कळांचा जोर. म्हणून असे रुग्ण गाभणपणाच्या शेवटी किंवा व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत जास्त येतात. आमच्या म्हशीत नेमकं काय आधी झालं, तार की कळा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. दोन्हीचा हात असावा असं पुढे जे सापडलं त्यावरून वाटतं.

तार येते कुठून? कुट्टी यंत्रात उसाच्या वाढ्याबरोबर कापली गेलेली बांधणीची तार, जळालेल्या टायरच्या राखेतली तार, घराचं बांधकाम झाल्यावर अंगणात राहिलेले खिळे. गाय-म्हैस चारा जिभेनं गुंडाळून घेते आणि फार न चावता गिळते. जड वस्तू पुढच्या खोलगट जाळीपोटात जाऊन बसते. काकींच्या घरी उन्हाळ्यात नवा स्लॅब टाकला होता.

निर्णय

हे औषधानं बरं होत नाही. मी सरळ तसं सांगितलं. चुंबक, पाचक चूर्ण, सलाईन, कशानंही छातीतलं पोट खाली येणार नाही. शस्त्रक्रियाच लागेल, तीही दोन टप्प्यांत, आणि त्यात जनावर दगावू शकतं.

काकी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या म्हशीला झालं असतं तर न्हेली असती?"

मी "हो" म्हणाले, आणि कारणं दिली. हृदयाची पिशवी स्वच्छ आहे. पू नाही. जाळीपोट अजून स्वतः हालचाल करतंय, म्हणजे ते छातीत पूर्ण चिकटून गेलेलं नाही. वय कमी आहे. हृदयाभोवती पाणी असतं किंवा जाळीपोट तीन मिनिटांत एकदाही हललं नसतं, तर मी नेऊ नका म्हणाले असते. मुऱ्हा म्हशीची किंमत लाखाच्या पुढे जाते हे खरं, पण वाचण्याची शक्यता नसेल तर तिला गाडीत घालून दोन-अडीचशे किलोमीटर हिंदकळवण्यात अर्थ नसतो. सोनोग्राफीचा मला सर्वांत मोठा उपयोग इथे झाला. निदान तर झालंच, पण कापायला न्यायचं की नाही, हेही तिनं सांगितलं.

त्या रात्री नळी घालून गॅस काढला. पेंड, भरड बंद, थोडी हिरवी वैरण, पाणी मोजून. पुढचा भाग उंचावर राहील अशा उतारावर बांधायला सांगितलं, त्यानं श्वासाला थोडा आराम पडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पिकअपमधून ती पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात रवाना झाली. माझ्या नोंदी आणि यंत्रातले फोटो मुलाच्या मोबाइलवर होते.

शस्त्रक्रिया

तिथे एक्स-रे झाला. पडद्याच्या रेघेच्या पुढे जाळीपोटाची सावली स्पष्ट होती, आणि सोनोग्राफीत न दिसलेलं लोखंडही त्यात दिसलं.

पहिल्या टप्प्यात डावी भकाळी बधिर करून, म्हैस उभी असताना कोटीपोट उघडलं. टोपल्या भरभरून ऐवज बाहेर काढला. यामागे दोन हेतू असतात. पुढच्या शस्त्रक्रियेत म्हशीला उताणी झोपवायचं असतं, आणि भरलेल्या पोटानं उताणी झोपवली तर श्वास कोंडतो, पोटातलं तोंडात येऊन फुप्फुसात जायचा धोका असतो. दुसरं, आतून हात घालून भोक चाचपता येतं. सर्जननी कोपरापर्यंत हात घालून ते पाहिलं: उजवीकडे, मूठ सहज जाईल एवढं, कड गोल आणि जाड. जाळीपोटातून निघालं ते असं: चुंबक, त्याला केसासारखे चिकटलेले लोखंडाचे कण, दोन गंजलेले खिळ्याचे तुकडे, आणि बोटभर लांबीची बांधणीची तार, एका टोकाला वळलेली. चुंबकानं तार पकडून ठेवली होती. आधीच्या डॉक्टरांनी घातलेल्या त्या चुंबकानं कदाचित तिचं हृदय वाचवलं.

दोन दिवसांनी दुसरा टप्पा. पूर्ण भूल, श्वासनलिकेत नळी, कृत्रिम श्वास. हा कृत्रिम श्वास अत्यावश्यक, कारण छाती-पोटाचा पडदा उघडा पडला की जनावराचं फुप्फुस स्वतः फुगू शकत नाही. छातीच्या हाडामागे पोटावर छेद घेऊन जाळीपोट मागे ओढलं. थोडं चिकटलं होतं, ते बोटांनी सोडवता आलं. भोक जाड रेशमी धाग्यानं शिवलं, शेवटचा टाका घट्ट करण्याआधी फुप्फुस पूर्ण फुगवून छातीतली हवा बाहेर काढली. मुलगा बाहेर काचेतून बघत होता. मला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं, "मॅडम, श्वास तिचा तिनं घ्यायला लागली."

दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम दिलं. डायक्लोफेनॅक जनावरांत २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेल्यावर खाणारी गिधाडं मरतात, आणि तरीही मला अजून कुठे कुठे त्याची बाटली दिसते, म्हणून मुद्दाम लिहिते.

पुन्हा प्रोब

चोवीस दिवसांनी मी गोठ्यावर गेले. टाके निघाले होते. शेण घट्टसर, हिरवट, नेहमीसारखं. फुगी एकदाही नाही. नाडी ५४.

उजवी पाचवी फट, पाय पुढे ओढून: फुप्फुसाच्या हवेच्या चकाकत्या रेघा, हृदय, आणि मध्ये काही नाही. डावी सहावी फट: अर्धचंद्र, जागेवर. कड पूर्वीसारखी गुळगुळीत नव्हती, छाती-पोटाच्या पडद्याच्या बाजूला दोन-तीन जाड पांढरे पट्टे होते, शस्त्रक्रियेनंतर चिकटल्याचे. तीन मिनिटांत दोन आकुंचनं. पहिला टप्पा ठीक, दुसरा अजून पूर्ण नाही, कड यंत्राच्या पडद्यावरून जाता जाता कडेशी रेंगाळते. शेजारच्या म्हशीत त्याच वेळी तीन. दूध साडेपाच लिटर. या वेतात अकरा लिटर परत येणार नाही, हे मी काकींना सांगितलं. त्यांनी त्यावर मान हलवली आणि दुसराच प्रश्न विचारला, जो मला अपेक्षित होता.

"गाभण ठिवायची का न्हाई हिला?"

म्हशीचा गाभणकाळ सव्वादहा महिन्यांचा. शेवटच्या तीन महिन्यांत त्याच पडद्यावर, त्याच टाक्यांवर ताण येणार. आम्ही ठरवलं ते असं. या वेळचे दोन माज सोडायचे. त्यानंतर पुन्हा बघायचं, आणि आकुंचनाचा दुसरा टप्पा पूर्ण होत असेल तरच रेतन करायचं. गाभण राहिली, तर सातव्या महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी पाय पुढे ओढून उजवी पाचवी फट. काकींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला मुलाला हाक मारली. मी जेल पुसून प्रोब पेटीत ठेवला. म्हैस गव्हाणीत तोंड घालून वाढ्याचे तुकडे ओढत होती.

क्षेत्रातल्या सहकाऱ्यांसाठी थोडं

तालुक्याच्या दवाखान्यांत आता सोनोग्राफीची यंत्रं येऊ लागली आहेत, पण बहुतेक गाभण तपासणीची, गुदद्वारातून वापरायच्या लिनिअर प्रोबची. ५ मेगाहर्ट्झचा प्रोब असेल, तर बारीक म्हशीत जाळीपोटाची कड त्यानंही दिसू शकते. खोली अपुरी पडते, हृदयापलीकडचं दिसत नाही, पण "इथे जाळीपोट आहे की नाही" एवढ्या प्रश्नाला उत्तर मिळतं. जागा धुऊन, केस काढून, जेल सढळ हातानं लावा. म्हशीची कातडी जाड, जेलमध्ये कंजुषी केली की चित्र मरतं. प्रोब बरगडीला आडवा नको, समांतर धरा, नाहीतर हाडाची सावली सगळं झाकते.

व्याल्यानंतर दोन महिन्यांच्या आतली म्हैस, पुन्हापुन्हा येणारी मोकळ्या गॅसची फुगी आणि काळं चिकट शेण, एवढं एकत्र दिसलं की मी आता डावी सहावी फट बघते, आणि तिथे जाळीपोट सापडो वा न सापडो, दोन्ही बाजूंचा पुढचा पाय ओढून चौथी-पाचवी फट बघितल्याशिवाय यंत्र बंद करत नाही. वहीत त्यासाठी वेगळा रकाना आखला आहे, आणि त्यात "गॅसमुळे असावं" लिहायला जागा ठेवलेली नाही. "दिसलं" किंवा "नाही", आणि पुढे तीन मिनिटांतल्या आकुंचनांचा आकडा.